पेटी घरोघर, सूर क्वचित

गेल्या पावसाळ्यात शाळेतील पालकसभा आटोपल्यावर एक गृहस्थ माझ्यापाशी रेंगाळले. मुलगा आठवीत. स्वतःचा लहानसा धंदा सांभाळून मुलाच्या अभ्यासाकडे लक्ष देणारे, असे हे सज्जन गृहस्थ. थोडे अवघडून त्यांनी विचारले, "सर, राग मानू नका, पण आता मुलांना निबंध लिहायला शिकवायचे तरी कशाला? मोबाईलला विषय सांगितला की अर्ध्या मिनिटात निबंध तयार. आणि खोटे कशाला बोलू, आमच्या चिरंजीवांपेक्षा तो पुष्कळच बरा लिहितो."

मास्तरांच्या पोतडीत अशा प्रसंगांसाठी काही ठेवणीतली उत्तरे असतात. त्यांतले एक मी काढून दिले. परीक्षेच्या वर्गात मोबाईल नेऊ देत नाहीत, तेथे काय करणार, असे म्हणालो. गृहस्थांनी मान डोलावली आणि ते गेले. पण घरी जाताना माझे मलाच ते उत्तर लंगडे वाटू लागले. वर्गाच्या दारात मोबाईल काढून घेतात म्हणून निबंध शिकायचा असेल, तर ज्या दिवशी तो आत नेऊ देतील त्या दिवशी माझे काम संपले म्हणायचे! दिवसा मी मराठी शिकवतो आणि रात्री कादंबऱ्या लिहितो. शब्दाला शब्द जोडणे ही वर्षानुवर्षे शिकण्याची गोष्ट आहे, या एका समजुतीवर माझे हे दोन्ही व्यवहार उभे आहेत. ती समजूतच खोटी ठरली तर? गृहस्थांनी प्रश्न मुलाविषयी विचारला होता. मला मात्र तो माझ्याविषयीच विचारल्यासारखा लागला.

माझे स्वतःचे शिक्षण जुन्या भाषेत सांगायचे तर मॅट्रिकपर्यंतचे. मोठाली सिद्धांतांची पुस्तके हाताळून अशा प्रश्नाचे उत्तर काढणे माझ्या आवाक्यातले नाही. नवी गोष्ट समजेनाशी झाली की तिच्यासारखी जुनी गोष्ट शोधायची, एवढीच माझी रीत. या वेळी ती जुनी गोष्ट दूर शोधावी लागली नाही. आमच्या माजघराच्या कोपऱ्यात, फुलाफुलांच्या अभ्र्याखाली, ती वर्षभर निमूट बसलेली असते आणि दिवाळीत पाहुणे जमले की बाहेर निघते. मी पेटीविषयी बोलतो आहे. बाजाची पेटी, हार्मोनियम.

*

पेटी आज इतकी आपली झाली आहे की ती परकी होती हे सांगूनही कोणाला पटत नाही. पॅरिसच्या अलेक्झांद्र दबँ या कारागिराने 1842 साली हार्मोनियमचे पेटंट घेतले. पुढे ते वाद्य साहेबांच्या आणि मिशनऱ्यांच्या सामानातून हिंदुस्थानात उतरले, ते खुर्चीवर बसून, पायाने भाता मारून वाजवायचे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कलकत्त्याचे द्वारकानाथ घोष यांच्यासारख्या कारागिरांनी त्याला मांडी घालून बसणाऱ्या माणसाच्या सोयीचे रूप दिले. भाता मागे गेला. एका हाताने तो हलवावा, दुसऱ्या हाताने वाजवावे. पाय मोकळे झाले आणि पेटी बैठकीत येऊन बसली.

तिच्या येण्याने काय घडले हे समजायचे तर आधीची परिस्थिती आठवावी लागते. गाण्याच्या साथीला सारंगी असे. तिच्या तीन मुख्य तारा तातीच्या, त्यांच्याखाली तीसपस्तीस तरफा, आणि सूर काढायचा तो नखाच्या मुळाने तार बाजूने दाबून. नुसत्या तरफा मिळवण्यात नवशिक्याची सकाळ निघून जाई. सुरात एक सरळ सरगम वाजवण्याआधी दोनचार वर्षे बोटे सोलून घ्यावी लागत. शिवाय सारंगीचे नाते कलावंतिणींच्या बैठकीशी जोडले गेलेले. त्यामुळे पांढरपेशा घरांनी तिला उंबऱ्याच्या आत घेतले नाही. पेटीला ही अडचण नव्हती. पट्टी दाबली की सूर तयार! जन्मभर शोधूनही ज्याला षड्ज सापडला नसता, त्याच्या बोटाखाली तो आपण होऊन येऊन बसला.

या गोष्टीला नाक मुरडण्याची आपल्याकडील जाणकारांना सवय आहे. मला ती कधी रुचली नाही. माझे गाव तळकोकणातले. तेथे भजनी मंडळाच्या बुवांपासून दशावताराच्या पायपेटीपर्यंत सगळा गाण्याचा संसार या एका वाद्याने चालवला. कीर्तनकाराला ती सापडली, शाळेच्या प्रार्थनेला ती सापडली. ज्या मुलींना कोणी उस्तादापुढे बसू दिले नसते, त्यांनी घरच्या ओटीवर पेटी पुढ्यात घेऊन गाणे शिकून घेतले. एका लाकडी खोक्याने एवढ्या लोकांसाठी दार उघडले असेल, तर त्या खोक्याचे उपकार आधी मान्य करावेत आणि मगच त्याच्या दोषांची यादी काढावी. मोबाईललाही हाच न्याय लावावा असे मला वाटते.

*

दोष होते, आणि ते खरे होते. सप्तकाचे बाराशे सूक्ष्म भाग कल्पिले, तर तंबोऱ्याच्या खर्जातून आपोआप ऐकू येणारा गांधार तीनशे शहाऐंशीव्या भागाच्या आसपास असतो. पेटी मात्र सप्तकाच्या बारा सारख्या फोडी करते आणि गांधार चारशेव्या भागावर नेऊन ठेवते. फरक थोडा दिसतो. तयार कानाला तो भाजीतल्या खड्यासारखा लागतो. दुसरा दोष त्याहून मोठा. आपले गाणे सुरांपेक्षा सुरांच्या मधल्या वाटेवर अधिक जगते. मींड म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता जाणे. पेटीच्या दोन पट्ट्यांमध्ये वाटच नाही, पायऱ्या आहेत. दरबारीचा कोमल गांधार घ्या. तो नेहमीच्या कोमल गांधारापेक्षा खाली राहतो आणि तेथे संथ झुलतो. पेटीपाशी तो गांधार नाही आणि ते झुलणेही नाही.

या दोषांवर दोन मोठे इलाज झाले. पहिला आपल्या सांगलीचा. तेथील कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींचा अभ्यास करून 1910 साली त्यावर इंग्रजीत पुस्तक प्रसिद्ध केले. ई. क्लेमेंट्स या सनदी अधिकाऱ्याच्या साथीने त्यांनी श्रुतींची पेटी घडवण्याचा ध्यास घेतला. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या गळ्याची त्यांना मदत होती. 1916 साली बडोद्याला भरलेल्या संगीत परिषदेत त्या पेटीवर मोठी चर्चा झाली. विद्वानांचे एकमत झाले नाही आणि ती पेटी मैफलीत रुजली नाही. बारा सूर अपुरे म्हणून बावीस दिले, तरी पायऱ्या त्या पायऱ्याच राहिल्या. फक्त अधिक जवळ जवळ आल्या. यंत्राची खोट अधिक चांगल्या यंत्राने भरून काढण्याचा हा प्रयत्न होता. तो प्रामाणिक होता, विद्वत्तेचा होता, आणि तरीही मूळ दुखण्यापर्यंत पोचला नाही.

दुसरा इलाज बंदीचा. 1940 सालच्या मार्चपासून आकाशवाणीवर पेटीची साथ बंद झाली. रवींद्रनाथ ठाकुरांसारखा कवी पेटीच्या विरोधात होता, तेव्हा या बंदीमागे केवळ सरकारी लहर होती असे म्हणता येणार नाही. पुढे 1952 ते 1962 या काळात बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणीमंत्री होते. त्यांनीही ती उठवली नाही. बंदी सैल झाली ती 1971 साली, आणि तीही अटी घालून. म्हणजे एकतीस वर्षे सरकारचे सर्वांत मोठे ध्वनिक्षेपण यंत्र पेटीच्या विरोधात उभे होते. एवढ्या काळात पेटी मेली का? गावोगावच्या मंडळांत ती वाजतच राहिली. बंदीमुळे श्रोत्यांचा कान सुधारला, असा पुरावा निदान माझ्या पाहण्यात नाही.

मग पेटी सुधारली कोणी? माझे उत्तर असे, की पेटीवाल्यांनी.

*

गोविंदराव टेंबे यांचे नाव येथे आधी घ्यावे लागते. 1911 सालच्या 'मानापमान' नाटकाच्या पदांच्या चाली त्यांच्या. 'अयोध्येचा राजा' या 1932 सालच्या बोलपटाचे नायक आणि संगीतकारही तेच. भास्करबुवा बखल्यांसारख्या गवयाच्या संगतीत त्यांचा कान घडला, आणि ज्या वाद्याला विद्वान खोके म्हणत होते त्याच वाद्यावर त्यांनी नाव मिळवले. त्यांच्यामागून मधुकर पेडणेकर आले, पुरुषोत्तम वालावलकर आले, अप्पा जळगावकर आले, गोव्याच्या बोरी गावचे तुळशीदास बोरकर आले. पु. ल. देशपांडे यांना महाराष्ट्र लेखक म्हणून डोक्यावर घेतो. वसंतराव देशपांड्यांच्या गाण्याला त्यांची पेटी ज्यांनी ऐकली असेल त्यांना ठाऊक आहे, की हा माणूस पेटीवरही नुसता हौशी नव्हता.

या मंडळींनी काय केले? त्यांच्या पेटीला तेरावी पट्टी नव्हती. आपल्या शेजाऱ्याच्या पेटीत असतात तसेच पितळी सूर त्यांच्या पेटीत होते. फरक हातात होता. भाता किती भरायचा, किती हलका सोडायचा, पट्टी पुरती दाबायची की शेजारच्या पट्टीचा कण घेऊन निसटायचे, या गोष्टी त्यांनी वर्षानुवर्षे घासल्या. गवई मींड घेऊ लागला की निघण्याच्या सुरावर थांबायचे, मधल्या वाटेवर त्याला एकट्याला जाऊ द्यायचे आणि तो पोचला की पलीकडच्या सुरावर त्याला हलकेच भेटायचे. दरबारीचा गांधार आला की पट्टीवर ठाण मांडायचे नाही. स्पर्श करून बोट काढून घ्यायचे, म्हणजे श्रोत्याच्या कानात गवयाचाच गांधार राहतो. वाद्याची खोट त्यांना टीकाकारांपेक्षा अधिक ठाऊक होती. टीकाकारांनी ती लेखात मांडली; यांनी ती बोटांत मुरवली.

हे मला पुस्तकातून कळलेले नाही. आमच्या गावच्या भजनी मंडळात एक म्हातारे बुवा होते. मला दहाबारा वर्षांचा असताना त्यांनी पेटीवर बसवले. दोन महिन्यांत मी चारपाच अभंगांच्या चाली धडाधड वाजवू लागलो आणि स्वतःवर भलताच खूश झालो. एका एकादशीला बुवा गात होते. मी त्यांच्या प्रत्येक सुराला सूर लावून, एकही जागा मोकळी न सोडता वाजवत होतो. अभंग संपल्यावर त्यांनी चार लोकांत काही म्हटले नाही. मंडळी पांगल्यावर जवळ बोलावून म्हणाले, "अरे झिला, सगळा वाजवलंस. आता बोट खय उचलूचा ता शिक."

त्यानंतरचे वर्षभर ते मला फक्त एवढेच शिकवत होते. ते गात, आणि मध्येच हात वर करत. की मी थांबायचे. कारण सांगत नसत. पहिले काही महिने मला तो विक्षिप्तपणा वाटला. मग एका संध्याकाळी त्यांचा हात वर होण्याच्या आधीच माझे बोट उचलले गेले. त्यांनी गाणे चालू ठेवूनच माझ्याकडे पाहिले. माझ्या आयुष्यात मला मिळालेले सगळ्यांत मोठे प्रमाणपत्र तेच. मॅट्रिकचे त्याच्या पुष्कळ नंतर आले.

पट्टी दाबायला शिकण्याचे जे कष्ट होते ते पेटीने वाचवले, हे खरे. पण कोणती पट्टी दाबू नये हे ओळखण्याचे कष्ट तिने वाचवले नाहीत. उलट, सूर सहज निघू लागल्यामुळे ते काम वाढले. सारंगीवाल्याला खोटा सूर काढायलादेखील मेहनत पडे. पेटीवाल्याला तो फुकट मिळतो. ज्याला सगळेच फुकट मिळते, त्याला नकार देण्याची कला दुप्पट शिकावी लागते.

*

आता मोबाईलच्या निबंधाकडे वळतो. 2022 सालच्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी नावाचे लिहिणारे यंत्र सर्वांसाठी खुले झाले. तेव्हापासून त्याची आणि त्याच्या भावंडांची मराठी सुधारत गेली आहे. यंदा नववीच्या मुलांना 'माझे आजोबा' हा विषय दिला, तेव्हा बरेचसे निबंध त्याच कारखान्यातून आलेले दिसले. शुद्धलेखन निर्दोष, परिच्छेद नेटके. आजोबा प्रत्येक घरी वटवृक्ष होते. त्यांच्या डोळ्यांत अनुभवाचे तेज होते आणि त्यांनी सर्वांना संस्कारांची शिदोरी दिली होती. वर्गातल्या इतक्या आजोबांपैकी एकालाही खोकला नव्हता.

यंत्राला नावे ठेवायला मी पेन उचलले आणि थबकलो. कारण वटवृक्ष आणि शिदोरी ही यंत्राची उपज नव्हे. ती आमचीच. निबंधांच्या मार्गदर्शक पुस्तिका आम्ही मास्तरांनीच लिहिल्या, त्यांतली वाक्ये पाठ करून आणणाऱ्या मुलांना आम्हीच गुण दिले. कित्येक कथाकादंबऱ्यांतही, माझ्या पहिल्या कादंबरीसकट, असे वटवृक्ष पानोपानी डोलत आहेत. पूर्वी ज्यांनी ज्यांनी लिहिले, त्यांच्या लेखनाची सरासरी यंत्र आपल्यापुढे ठेवते. त्या सरासरीत आपले तोंड दिसले म्हणून आरशावर रागावण्यात अर्थ नाही.

तेव्हा वह्या मिटवून मी एका मुलाला उभे केले आणि विचारले, "तुझे आजोबा सकाळी उठल्यावर काय करतात?" तो थोडा घुटमळला. मग म्हणाला, "चहा बशीत ओततात. आणि पहिला घोट बशीतून जमिनीवर सांडतात. आजी गेली, तिच्यासाठी. आई ओरडते, मुंग्या होतात म्हणून. ते ऐकत नाहीत."

वर्ग गप्प झाला. मी म्हटले, हे लिही.

येथे ही गोष्ट संपवली असती तर ती फार गोड झाली असती. मुलाच्या अनुभवाने यंत्रावर मात केली, असे म्हणून टाळ्या घेता आल्या असत्या. पण तसे झाले नाही. दुसऱ्या दिवशी तो जे लिहून आला ते वाईट होते. आरंभी आजोबांची जन्मतारीख, मग गावाचे वर्णन, मग ते किती प्रेमळ आहेत याचे चार दाखले. आणि अकराव्या ओळीत, दोन क्रियापदांच्या गर्दीत, तो चहाचा घोट कुठेतरी सांडून गेला होता. आणि त्यानंतर, कोणी चुकून समजलेच नाही तर, 'यावरून त्यांचे आजीवरील प्रेम दिसून येते' असे एक वाक्य. तोंडाने सांगताना जे त्याने अचूक सांगितले होते ते कागदावर मेले.

सांगण्यासारखे जवळ असणे ही एक गोष्ट आणि ते सांगता येणे ही दुसरी. मुलाजवळ पहिली होती. यंत्राजवळ दुसरीचा मुखवटा होता. आम्ही दोघे त्या निबंधावर तीन वेळा बसलो. जन्मतारीख गेली. गाव गेले. प्रेम दाखवणारे ते वाक्य काढायला तो तयार होईना, "सर, मग कळणार कसे?" असे पुनःपुन्हा विचारी. मी म्हटले, तुझ्या आईला कळते का? तो म्हणाला, कळते, म्हणून तर ती मुंग्यांचे निमित्त करते. आणि स्वतःच हसून त्याने ते वाक्य खोडले. मुंग्यांचे वाक्य शेवटी आले. बोट कोठे उचलायचे, हे त्या मुलाला त्या क्षणी कळले. सात ओळींचा निबंध झाला. दहापैकी किती गुण द्यावे हे मला ठरवता येईना, कारण गुणपत्रिकेच्या हिशेबात तो फारच आखूड होता.

*

आता माझी स्वतःची कबुली देतो. गेले वर्षभर माझी एक कादंबरी एका प्रकरणापाशी अडली आहे. एका रात्री कंटाळून मी तो प्रसंग यंत्राला सांगितला आणि एक पान लिहून मागितले. पान आले, आणि ते माझ्या त्या रात्रीच्या पानापेक्षा बरे होते. हे लिहिताना मला काही आनंद होत नाही. भाषा वाहती होती, संवाद खटकत नव्हते. दोन वेळा वाचल्यावर मात्र मी लाल पेन घेतले आणि एकेक वाक्य खोडू लागलो. ही बाई असे बोलणार नाही. येथे दिवा लावण्याची वेळ झालेली नाही. हे दुःख दुसऱ्या कोणाचे तरी आहे. पानाच्या शेवटी दोन वाक्ये उरली. त्यांतले एक मी ठेवले.

ते पान खोटे आहे हे मला कशावरून कळले? वीस वर्षे स्वतःची खोटी पाने खोडत बसलो, त्यावरून. ती वीस वर्षे नसती तर मला ते पान उत्तम वाटले असते आणि मी ते जसेच्या तसे छापखान्यात धाडले असते. ज्याने बुवांपुढे बसून बोट उचलायला शिकून घेतले त्याला पेटी उपयोगी पडते. जो अद्याप शिकलेला नाही त्याला ती आपण शिकलो आहोत असा भास देते. हा भास हाच खरा धोका, आणि तो म्हाताऱ्यांपेक्षा मुलांना अधिक आहे.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो दुबळा नाही. कोणी म्हणेल, "मास्तर, तुम्ही आजच्या यंत्राचे दोष सांगता. उद्याचे यंत्र खोडणेही शिकेल. मग?" मला उद्याचे भविष्य वर्तवता येत नाही. पण कालचा एक दाखला देता येतो. 1997 साली ऑटो-ट्यून नावाची यांत्रिक युक्ती बाजारात आली. ती काढणारे अँडी हिल्डेब्रँड हे पूर्वी तेलाच्या शोधासाठी भूगर्भातून परतणाऱ्या लहरींचा अभ्यास करत. गायकाचा घसरलेला सूर ही युक्ती ओढून जाग्यावर बसवते. पेटीचे स्वप्न जणू गळ्यापर्यंत पोचले! परंतु जाग्यावर म्हणजे कोणत्या जाग्यावर? ते आधी माणसाने सांगावे लागते. बारा सारख्या फोडींचा हिशेब देऊन दरबारी तिच्या हवाली केली, तर गवयाचा झुलता गांधार तिला चूक दिसेल आणि ती इमानेइतबारे तो सरळ करून देईल. यंत्राने कसूर केली असे म्हणता येणार नाही. त्याला सांगणाऱ्याने दरबारी ऐकलेली नव्हती, एवढेच. यंत्र कितीही शहाणे झाले तरी त्याच्या हातून आलेले बरे की वाईट, आपले की परके, हे शेवटी कोणाच्या तरी कानाला ओळखावे लागणार. तो कान बाजारात मिळत नाही, आणि स्वतः चुकल्यावाचून तो तयार होत असल्याचे मी अजून पाहिलेले नाही.

हे केवळ लेखकांपुरते आहे असेही नाही. आमच्या वर्गातले फार थोडे लेखक होतील. पण त्या मुलाने चहाचा घोट तीन वेळा लिहिला, तेव्हा त्याने आपल्या आजोबांकडे तीन वेळा पाहिले. त्याची आई का ओरडते, हे त्याला लिहिताना कळले. त्याआधी रोज पाहूनही कळले नव्हते. निबंध यंत्राने लिहिला असता तर शाळेला निबंध मिळाला असता. ही समज मात्र घरात कोणालाच मिळाली नसती. त्या पालकांना मी हे सांगायला हवे होते. निबंध हा वहीत उरतो. लिहिण्यातून जे घडते ते मुलात उरते. पुढच्या सभेला ते आले तर सांगेन.

दिवाळीचे दिवस आहेत. फराळाची ताटे फिरतील, पाहुणे जमतील, कोणी तरी माजघरातली पेटी ओढून आणील आणि अभ्रा काढील. मुले पट्ट्यांवर तुटून पडतील. त्यांना अडवू नका. त्या गोंगाटातूनच एखादे बोट पुढे शिकते. मग घरातला जाणता माणूस पेटी पुढ्यात घेईल आणि आत्याबाई एखादा जुना अभंग गातील. त्या वेळी आपण त्याच्या हाताकडे जरा निरखून पाहावे, एवढीच विनंती. आत्याबाईंचा आवाज वर चढताना कापेल, तेथे तो काय वाजवतो ते ऐका. तो खरा वाजवणारा असेल, तर त्या जागी भाता हळू होईल, बोट पट्टीवरून उचललेले असेल आणि आत्याबाई एकट्याच गात असतील.